तिसरा कप्पा पुसला

लक्ष्मीचंदभाऊंइतका घाबरट माणूस चिचगडात दुसरा नसेल. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ओढून पाहणार. राईस मिलमध्ये मशीन चालवण्यात जन्म गेला, तरी खटका दाबण्याआधी देवाचं नाव घेत. अशा माणसानं निवृत्तीनंतर पुतण्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा शेजारी म्हणून मी पोटभर हसून घेतलं.

आणला होता बायकोच्या गाण्यांसाठी. फुलवंताबाईंच्या गाण्याशिवाय आमच्याकडं कुणाला हळद लागत नसे. भाऊंनी मोबाईलवर टेप केलेली ती सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये ठेवली. मोबाईल पुढं विहिरीत पडला. मग बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आवाजाची नुसती घरघर उरली. तेव्हापासून भाऊ रोज संध्याकाळी गाणी लावत, बाईंना बरं वाटावं म्हणून.

दसऱ्यानंतर कॉम्प्युटर गाण्याच्या मधेच बंद पडू लागला. "विंडोज मारा," जो तो सांगे. म्हणजे जुनी पुसून नवी टाकायची. पुतण्या ओमेशनं देवरीहून पेनड्राइव्ह पाठवला आणि फोनवर बजावलं, "काकाजी, सी मधलं सारं पुसल्या जाते. गाणे आधी डी मधी टाका."

भाऊंनी गाणी सी कप्प्यातून काढून डी कप्प्यात ठेवली, पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. बाई बाजाराला गेल्या होत्या. भाऊ मला म्हणाले, "तू इथंच बसून राय. मले धडधड होऊन राहिली."

पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर कप्पे आले, पण सी नाही की डी नाही. नुसते एक, दोन, तीन. ओमेशचा फोन लागेना. भाऊंनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं.

"ए, बी, सी," ते पुटपुटले. "सी म्हणजे तिसरा."

मलाही पटलं. माझं डोकं तरी कुठं चालतं! तिसरा पुसला.

नवी विंडोज अर्ध्यावर आली आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद. आता भाऊंनी कॉम्प्युटरचा डबाच उघडला. आतल्या पंख्यात हळदीचे तांदूळ अडकून बसले होते. दसऱ्याला मशीनच्या तोंडात मूठभर तांदूळ घालायची त्यांच्या मिलची रीत. भाऊंनी ती इथंही पाळली होती, वरच्या जाळीतून. पंखा अडून कॉम्प्युटर तापत होता; विंडोजचा काही दोषच नव्हता.

तांदूळ काढल्यावर सगळं सुरळीत चाललं. गाणी मात्र कुठंच नव्हती. पहिला कप्पा कॉम्प्युटरनं स्वतःसाठी राखलेला, दुसरा सी; डी म्हणजेच तिसरा कप्पा होता. भाऊंचा चेहरा पाहून मला भीती वाटली. घरी निघून जावंसं वाटत होतं, पण भाऊंनी बसायला सांगितलं होतं.

बाई आल्या. भाऊंना थाप मारता आली असती. ते म्हणाले, "तुये गाणे गेले. माया हातानं पुसल्या गेले."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "सारे?"

"सारे."

"बरं झालं."

बाई दम घेत, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मी जित्ती आहो नं अजून? रोज तुमी मायाच आवाज मले आयकवत होते. मी चुलीपाशी कानात पदर कोंबून बसत होती."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मी सांगतलं असतं, तं तुमी काय आयकलं असतं सांजच्याला?"