बस्त्यावच्या चेहऱ्याच्या पाच शाखा

विषय : श्री. बस्त्याव यांच्या उजव्या कानाखालील गाठीचे ऑपरेशन.

उपरोक्त विषयी निवेदन की, नोकरी संपली तरी आम्हा निवृत्त कारकुनांचे किस्से संपत नाहीत. कुडाळच्या बाजारात चहाला बसलो की एकाला दुसरा आपोआप जोडला जातो, टाचणी लागत नाही. बस्त्यावचं टेबल कायम माझ्या टेबलाला लागून होतं. चर्चच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवतो, त्यामुळे गाठीपेक्षा त्याला ओठाची काळजी.

* * *

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चेहरा काढला. गाठ लाळेच्या ग्रंथीत, आणि चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. तिच्या मुख्य शाखा पाच : कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ, मान.

"हेड ऑफिस खंय?" बस्त्यावने विचारलं.

"मेंदूत. नस कानामागून बाहेर येते. तिथून एकेक शाखा सोडवत जायचं. ओठाची फार नाजूक."

"खयची गेली तर चलात?"

"एकही घालवायची नाही. पण मानेची गेली तर फारसं कळत नाही."

"मगे मान घेवा. नोकरीभर मी ती वर करूकच नाय."

* * *

ऑपरेशन चालू असताना त्याची बायको रोझी बाहेर जपमाळ ओढत होती. मी धीर द्यायला म्हटलं, "आत यंत्र आसा. नसेक बारीक करंट दिलो की चेहरो हलता. मगे ती चुकून कापली जायत नाय."

रोझी थांबली. "भाऊ, ऑफिसात हेका हलवूक तसलाच यंत्र होता काय?"

मी साक्ष देण्याचं टाळलं.

* * *

गाठ साधी निघाली. पण हसताना उजवीकडचा खालचा ओठ हलेना. रोझीचा चेहरा उतरला.

"नस शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताण बसलाय. थोडे महिने द्या."

"म्हणजे शाखा बंद नाय, रजेर आसा," बस्त्याव म्हणाला.

"बिनपगारी?" मी विचारलं. तो अर्धा हसला. तेवढंच जमत होतं.

* * *

अखेर ओठ रुजू झाला. बस्त्यावने अंगणात ट्रम्पेट तोंडाला लावला आणि स्वच्छ सूर निघाला. रोझी रडली. मीही चष्मा पुसला. तो जेवणापर्यंत वाजवत राहिला, जेवणानंतरही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मग रोझी माझ्याकडे आली. तिच्या सांगण्यावरून मी डॉक्टरीणबाईंना अर्ज लिहून दिला : ओठाची शाखा, अन्य चार शाखांस बाधा न येता, दुपारच्या झोपेपुरती रजेवर पाठवता येईल काय?

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.