बेलिफअण्णांचा वायच गूळ

ज्या घरी समन्स बजावायचे, त्या घरचा गूळ तोंडात टाकल्याशिवाय बेलिफअण्णांनी आपल्या खाकी पिशवीचा बंद कधी सोडला नाही. आमच्या भागात उन्हातून आलेल्या माणसाला ओटीवर बसवून आधी गूळपाणी देतात. मग तो सोयरा असो, फेरीवाला असो, वा कोर्टाचा बेलिफ असो. इतर बेलिफ ते घेत नसत. वाईट कागद घेऊन आलेल्या माणसाने त्या घरचे खाऊ नये, अशी त्यांची समजूत होती. अण्णांचे म्हणणे नेमके उलट होते. "समन्स सरकारचं, गूळ घरचा," ते म्हणत. "आधी घरचं घ्यावं, मग सरकारचं द्यावं. गूळ खाल्लेल्या माणसावर कुणी ओरडत नाही, नाना."

नाना म्हणजे प्रस्तुत लेखक. रत्नागिरीच्या कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडीखाली अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा मसुदा दुरुस्त करण्याचे धाडस आजवर कोणाही वकिलाने केलेले नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो. गावोगाव फिरून आल्यावर अण्णा माझ्याच बाकावर टेकत, त्यामुळे त्यांच्याविषयी अधिकाराने लिहू शकेल असा माझ्याखेरीज दुसरा कोणी उरलेला नाही.

अण्णांचे गोडावरील प्रेम सर्वश्रुत होते. नारळाच्या गोड रसात बुडालेले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, समोर आले की ते बोलणे थांबवीत. फणसपोळीची वळकटी त्यांच्या पिशवीत समन्सांच्या शेजारी असे आणि एकदा तिचा डाग एका दिवाणी दाव्याच्या प्रतीवर पडून शिरस्तेदारांपर्यंत तक्रार गेली होती. गणपतीत ते उकडीचे मोदक मोजू देत नसत. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, विचारीत, "आणखी किती वाढू?" त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले: "तू वाढत राहा गो, थांबायचं काय ते पोट बघेल."

पोटाने काही पाहिले नाही. ज्या साली आमच्या आळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या साली अण्णांच्या उजव्या अंगठ्याला जांभ्या दगडाची ठेच लागली आणि ती जखम काही भरून येईना. डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासले आणि मधुमेहाचे निदान केले. गोळ्या दिल्या. गोड कमी करा, सणाला एखादा घास चालेल, म्हणाले. मात्र गोळी घेऊन उपाशी राहू नका आणि घाम फुटून हातपाय कापू लागले तर लगेच साखर तोंडात टाका, हेही बजावून सांगितले. जखम चिघळली तर पाऊल कापावे लागेल, हे त्यांनी शेवटी सांगितले. चालणे हाच ज्याचा धंदा, त्या माणसाने त्यातले हे शेवटचे वाक्य तेवढे घरी नेले.

"कमी करणं माझ्यानं व्हायचं नाही," ते मला म्हणाले. "एक तर आहे, नाहीतर नाही. मी कधी अर्धं समन्स बजावलंय काय?"

दुसऱ्याच दिवशी अण्णांनी ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणे घालायला लावले. गुरवाने साकडे मांडले की, अण्णाने गोड म्हणून जे जे आहे ते आजपासून सोडले, त्याच्या बदल्यात देवीने पाय राखावा. जमलेल्या चार माणसांनी "व्हय महाराजा" म्हटले आणि व्यवहार पुरा झाला. मला हे समजले तेव्हा मी व्यावसायिक मत दिले की, मुदत व अपवाद न घालता कोणतीही हमी लिहून अगर बोलून देऊ नये. अण्णा हसले. "देवीपुढं वकिली चालत नाही, नाना. तिथं सगळं नाहीतर काहीच नाही."

पहिले काही दिवस त्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता. माझ्या टेबलावर कोणाच्या निकालाचे पेढे आले, तर ते पुडा न उघडता कपाळाला लावून परत देत. परंतु गावांतून निराळीच वार्ता येऊ लागली. ओटीवर गुळाची वाटी आली की अण्णा ती हाताने बाजूला सारीत आणि नुसते पाणी मागत. लोकांना नवस कुठे ठाऊक? "आमचा गूळ कडू लागतो काय अण्णांना?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने कागद घ्यायला नकार देऊन दार लावून घेतले. उभ्या नोकरीत ज्यांनी हातोहात समन्स दिले, त्या अण्णांवर पंच बोलावून दारावर कागद डकवण्याची वेळ आली. त्या दिवशी ते माझ्या बाकावर बसले, पण चहासुद्धा नको म्हणाले.

घरीही तोच प्रकार. गणपतीला वहिनींनी नैवेद्यापुरते मोदक केले आणि शेजारी वाटून टाकले. अण्णांनी सोडले म्हणून त्यांनीही खाल्ले नाहीत. "ह्यांनी देवीला शब्द दिला, नि माझ्या तोंडाला कुलूप लागलं," असे त्या मला एकदा अण्णांच्या देखत म्हणाल्या. अण्णांनी मान फिरवून भिंतीकडे पाहिले.

यापुढील हकिकत मला पार्वतीकाकींनी सांगितली. मिरजोळ्याच्या पलीकडे एका वाडीत त्या राहतात. यजमान मुंबईला गिरणीत. दिराने आंब्याच्या कलमांच्या वाटपाचा दावा लावला होता आणि त्याचे समन्स अण्णांकडे होते. सकाळी लवकरची एसटी गाठायची म्हणून अण्णा गोळी घेऊन तसेच उपाशी निघाले. ऊन चढल्यावर काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभे राहिले, तेव्हा सदरा घामाने भिजला होता आणि हातातली पिशवी थरथरत होती.

"आवो अण्णा, उनातनं आलाव, वायच गूळपाणी घ्या, नि मंग काय तो कागूद द्या," काकी म्हणाल्या. वायच म्हणजे थोडासाच. आग्रहाला हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा.

"गोड सोडलंय," अण्णा म्हणाले. "देवीला शब्द..." आणि पायरीवरच कोसळले.

काकींनी त्यांचे डोके मांडीवर घेतले. गुळाचा खडा बोटाने चुरून त्या गालाच्या आत चोळू लागल्या. अण्णांना अर्धवट शुद्ध होती. ते दात आवळीत होते. "उघडा तोंड!" काकी ओरडल्या. "देवीला काय सांगायचा तां मी सांगेन. माज्या दारात मरू नका, त्या दिराला तेवढाच पुरावा मिलेल!"

बऱ्याच वेळाने अण्णा उठून बसले. काकींनी त्यांना पेज वाढली, ती संपेपर्यंत समोर बसून राहिल्या आणि मग आपण होऊन हात पुढे केला. "द्या आता तुमचा कागूद. गूळ तर खाल्लाव."

त्या समन्सावरील कैफियत, म्हणजे कोर्टाला द्यायचे काकींचे उत्तर, मीच लिहिली. परंतु त्याआधी अण्णा आले. चेहरा उतरलेला होता. त्यांनी चप्पल काढून अंगठा बाकावर ठेवला आणि मला तो निरखून पाहायला लावले. "शब्द मोडला, नाना. आता ती पाय नेणार. काळा पडतोय काय, खरं सांगा." मी खरे ते सांगितले की, होता तसाच आहे, लाल. त्यांचा विश्वास बसला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ना, अपवाद घालायला हवा होता? आता घालता येईल काय?"

सरकारदरबारी अनेक दुरुस्ती अर्ज मी लिहिले आहेत. देवीच्या दरबारी हा पहिलाच. शब्दन् शब्द तोलून मसुदा केला आणि गुरवाकडून पाठ करवून घेतला. देवळात त्याने गाऱ्हाणे घातले, ते असे: "बाय माझे, ह्या तुझ्या लेकराने भीतीपोटी सगळं गोड सोडलं, पण त्यात दुसऱ्याच्या दारचा मानही सोडला गेला, तो सोडायचा अधिकार त्याला नव्हता. तर आजपासून ज्या दारी जाईल, त्या दारचा वायच गूळ बोटाच्या पेराएवढा घेईल, दुसरा खडा मागणार नाही. चुकलं असेल तर पदरात घे, नि पाय राख." आम्ही "व्हय महाराजा" म्हटले. मग गुरवाने देवीला ओल्या पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पाकळी पडली तर मान्य, डावी पडली तर अमान्य. कितीतरी वेळ एकही हलेना. वहिनींनी पदराचे टोक तोंडात धरले होते. अण्णा देवीकडे पाहतच नव्हते, आपल्या अंगठ्याकडे पाहत होते. शेवटी उजवीकडची घसरली, तेव्हा मीच मोठ्याने श्वास सोडला, असे वहिनी पुढे सर्वांना सांगत.

मला वाटले, आता अण्णा सुखी झाले. तसे झाले नाही. "सोडणं सोपं होतं हो," ते म्हणत. "एकदा शब्द दिला की झालं. हे वायच खाणं म्हणजे रोज नवा दावा." पेराएवढा तुकडा मोडायचा आणि उरलेला वाटीत परत ठेवायचा, यात त्यांचा हात वाटीवरच अडून राहिलेला मी पाहिला आहे. एका गणपतीत त्यांनी अर्धा मोदक खाल्ला आणि उठून परसात जाऊन उभे राहिले. उरलेला अर्धा वहिनींनी खाल्ला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडात गोड गेले होते. अंगठ्याची जखम हळूहळू भरत आली. नख गेले ते मात्र पुन्हा आले नाही.

निवृत्त झाल्यावर अण्णा मुलाकडे मुंबईला गेले. जाण्याच्या दिवशी एसटी स्टँडवर कचेरीतल्या मंडळींनी पेढे आणले होते. अण्णांनी एक घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा, नाना. मी परत मागणार नाही, लिहून हवं तर देतो." गाडी सुटेपर्यंत तो मी हातातच धरून होतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचे पत्र आले. अण्णा झोपेत गेले. दोन्ही पायांनिशी गेले, असे त्याने मुद्दाम लिहिले होते.

पत्र वाचून मी बसलो होतो, तोच पार्वतीकाकी तारखेसाठी भर उन्हात आल्या आणि पिशवीतला कागद काढू लागल्या. मी त्यांना थांबवले. अण्णा मुंबईला गेल्यापासून माझ्या टेबलाच्या खणात गुळाची बरणी असते; आलेल्या पक्षकाराचा कागद मी नंतर पाहतो. काकींनी पाणी घेतले, खडा घेतला, आणि अण्णा कसे आहेत, असे विचारले. मी सांगितले.

खडा दातांनी मोडून त्यांनी अर्धा माझ्यापुढे धरला.

"घ्या वायच," म्हणाल्या. "मंग बघू कागूद."