सात नंबरच्या बाटल्या

मी जन्मजात संशयी. आई म्हणायची, हिला दूध दिलं तर आधी मांजराला पाजून बघेल. या स्वभावाचा नोकरीत उपयोग होईल असं मला वाटलं होतं, कारण नोकरीच अशी होती की तिथं हवेवर, पाण्यावर, स्वतःच्या बोटांवरही विश्वास ठेवायचा नसे.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कुंडलच्या पुढं, उसाच्या रानाला लागून एका जुन्या गोदामात बाटलीतली रोपं करणारी प्रयोगशाळा निघाली होती. सांगलीला बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते आणि वडील स्थळं बघत होते. मी त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतलं. वर्षभर नोकरी टिकली तर लग्नाचं नंतर बघू, नाही टिकली तर ते म्हणतील तिथं मान खाली घालून पाटावर बसेन, असं ठरलं. मी पाटावर बसायला अजिबात तयार नव्हते.

काम मला आवडायचं. उसाच्या शेंड्याची पानं एकेक सोलत गेलं की शेवटी मोहरीएवढा पांढरा कोंब उरतो. त्यातल्या पेशी सारख्या दुभागत असतात. तो कोंब बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या घट्ट खळीवर ठेवायचा. एकाचे दोन, दोनाचे चार होत तीन आठवड्यांत कोंबांचा झुबका तयार. तो चिमट्यानं सोडवून नव्या बाटल्यांत वाटायचा, की पुन्हा तेच. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचेखाली पाहिलं होतं. पेशीतले गुणसूत्रांचे दोरे मधोमध ओळीनं उभे राहतात आणि मग निम्मे इकडे, निम्मे तिकडे. एकही कमीजास्त नाही. मला तेव्हा त्याचाही संशय आला होता. आमच्या गावात दोन भावांत एक विहीर कधी सरळ वाटली गेली नाही, आणि ही एवढीशी पेशी कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाटणी करते?

बघायला येणारे शेतकरी माझ्याहून संशयी. "आईबापाबिगर रोप? त्यात रस तरी व्हईल का?" असं एकजण म्हणाला.

"आवं, उसाला बी कवा पेरलंय तुमी? कांडीच लावता न्हवं? ही बारकी कांडी समजा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि बाटलीकडं तिरकं बघत चहा घेतला.

आम्ही चौघी कापायला बसायचो. प्रत्येकीपुढं काचेची पेटी. तिच्या मागच्या जाळीतून गाळलेली हवा सतत आपल्या अंगावर यायची, म्हणजे बाहेरची धूळ आत येऊ नये. पेटीला लॅमिनार म्हणत. जी बाटली भरायची तिच्यावर आपला नंबर आणि तारीख घालायची. सोडून गेलेल्यांचे नंबर परत देत नसत, म्हणून माझा नंबर सात. नंबर असायचा कारण बुरशी. साखरेची खळ काय फक्त उसालाच आवडते? बुरशीचा एक कण आत पडला की तोही तिथं वाढायला लागतो, आणि उसाच्या कितीतरी पट वेगानं. चार दिवसांत बाटलीत कापूस पिंजल्यासारखं होतं. मग बाटली कुणाची ते नंबरावरून कळायचं.

श्रावणात माझ्या तीन बाटल्या गेल्या. दमट हवेत सगळ्यांच्याच जातात. पण प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी माझ्याच बाटल्या उचलून सगळ्यांदेखत म्हटलं, "सात नंबरचे हात नीट धुतले जात नाहीत वाटतं."

वाक्य साधं होतं. दुसरीला म्हटलं असतं तर ती हसून साबणाकडं गेली असती. पण आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव कृष्णेत सोडले होते. आम्ही बौद्ध झालो आणि वस्ती मात्र होती तिथंच, गावाच्या कडेला राहिली. माझ्या हातांबद्दल कुणी काही बोललं की मला ते साबणाबद्दल ऐकूच येत नाही. मी तापले. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासले, कातडं लाल होईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात नऊ बाटल्या गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात अख्खी फळी. फक्त माझी. बाकी तिघींच्या बाटल्या हिरव्यागार. सरांनी मला खोलीत बोलावलं. "पुढच्या खेपेलाही हेच दिसलं, तर तुम्हाला थांबवावं लागेल." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

आता माझ्या संशयाला ऊत आला. पहिला मान शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचा. ती बागायतदाराघरची. स्वतःचा पाण्याचा तांब्या घरून आणायची आणि डबा खाताना माझ्याकडं पाठ करायची. हीच माझ्या बाटल्यांची झाकणं उघडत असणार, असं मी मनात पक्कं केलं. चार दिवस कामापेक्षा तिच्या कोपरावर जास्त लक्ष ठेवलं. काही सापडलं नाही, फक्त ती डाव्या हातानं नाक खाजवते एवढं कळलं.

म्हणून एका सकाळी मी सगळ्यांच्या आधी एक तास आले. बाटल्या उकळायच्या मोठ्या कुकरच्या मागं उभी राहिले. तिथून काचेतून आतलं दिसायचं.

आल्या त्या मावशी. बाटल्या धुणं आणि सकाळी चारही पेट्या स्पिरिटनं पुसून ठेवणं हे त्यांचं काम. माहेर औंधचं. मला चतकोर भाकरी आणि ठेचा पुढं करणारी तिथली एकच बाई. त्यांनी पहिली पेटी पुसली, दुसरी, तिसरी. माझ्या पेटीपाशी आल्यावर इकडंतिकडं पाहिलं, कमरेची पुडी काढली आणि चिमूटभर काहीतरी मागच्या जाळीत सोडलं.

ही पण. माझ्या मनात तेवढे दोनच शब्द आले. भाकरी, ठेचा, सगळं खोटं वाटलं. मी दार ढकलून आत गेले.

"काय टाकताय?"

मावशी दचकल्या, पण पुडी लपवली नाही. "आगं, वराडतीस कशाला? यमाईचा अंगारा हाय. दर मंगळवारी भावाकडनं मागवती. सायेबानं चारचौघांत तुला बोल लावला तवाच म्हनलं, पोरीच्या रोपास्नी कुनाची तरी लय वंगाळ नजर लागलीया. एवड्या टाकल्या चिमट्या, पर गुण काय येईना बग."

पहिल्या तीन बाटल्या पावसाळ्यानं नेल्या होत्या. त्यानंतरच्या सगळ्या माझ्यावरच्या मायेनं नेल्या होत्या. मावशींच्या स्वयंपाकघरात ठेवलेला अंगारा, तिथली ओल, तिथले बुरशीचे कण, आणि मागून पंख्याची हवा. मी चिमटा धरला की सगळं थेट उघड्या बाटलीत. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार.

"मावशी, यातनंच बुरशी येतीय."

"देवीच्या अंगाऱ्यात घाण? तोंड संबाळ, पोरी."

तिथं माझी बी.एस्सी. संपली. थोडा विचार केला आणि म्हणाले, "तसं न्हाई. पर देवीला असं जाळीत, मशिनीच्या मागं कोंडायचं का? मान उंबऱ्याचा असतो. भायेरच्या चौकटीला लावा." मावशींना ते पटलं. जीभ चावून त्यांनी दोन्ही गालांना हात लावले.

मी जाळी पुसून काढली. पुसलेल्या कापसाचा राखाडी डाग खळीच्या एका बशीवर टेकवला आणि झाकून ठेवला. चौथ्या दिवशी बशीत तीच बुरशी, माझ्या बाटल्यांतली. पुरावा हातात होता. नोकरी वाचवायला सरांना खरं सांगायचं, एवढंच बाकी होतं. पण मिश्री लावून आत आली म्हणून सरांनी एका बाईला त्याच दिवशी घरी धाडलं होतं, ते मी पाहिलं होतं. खरं सांगितलं की मावशी जाणार. नाही सांगितलं की मी जाणार.

बशी घेऊन मी सरांपुढं उभी राहिले. "सर, माझ्या जाळीत अंगारा होता. मीच ठेवला होता."

सरांनी बशी पाहिली, मग मला पाहिलं.

"तुमच्यात अंगारा चालतो?"

म्हणजे माझ्या कानांनी श्रावणात ऐकलं होतं ते चुकीचं नव्हतं. आम्ही कोण ते यांना माहीत होतं, आणि हात म्हणताना ते त्यांच्या डोक्यात होतं. मला इतका राग आला की बशी त्यांच्या टेबलावर आपटावी. पण धुण्याच्या खोलीतून बाटल्यांचा किणकिणाट येत होता.

"नाही चालत," मी म्हणाले.

त्यांनीही तो किणकिणाट ऐकला असावा. "जाळी बदलून घ्या," ते बशी बाजूला सारत म्हणाले. "आणि उद्यापासून आपली पेटी ज्यानं त्यानं पुसायची." त्यांना कळलं की नाही, याचा मला अजून संशय आहे.

तीन आठवड्यांनी सात नंबरची फळी भरली. एकूण एक बाटली स्वच्छ, प्रत्येकीत कोंबांचा हिरवा झुबका. मावशी ओल्या हातांनी येऊन फळीपुढं उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून एकेक बाटली पाहिली, मग बाहेरच्या चौकटीकडं पाहून हात जोडले.

"उंबऱ्याला लावल्यावर आला का न्हाई गुण?"

ज्या बाईनं दुधावरही कधी विश्वास ठेवला नाही, ती मी म्हणाले, "व्हय मावशी. आला."