न्यूनेनच्या चर्चमध्ये दिलेली दाद

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून इकडे डच गावात, न्यूनेनला आणलं आणि ते बोलेनासेच झाले. 'हं' आणि 'नको', बस्स. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, वेळ द्या. वेळ काय, ढिगाने होता. मला त्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य हवं होतं, मग ते मला रागावणारं का असेना.

त्यात लेकीचा कार्यक्रम आला. तिचा गायकवृंद ऑस्ट्रियातल्या कुणा जुन्या दरबारी संगीतकाराची प्रार्थना गाणार होता, तीही व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे असा सगळा लवाजमा घेऊन. "आजोबा बोअर होतील, मम्मा," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझे आजोबा म्हणजे मैफलीत पहिल्या रांगेत बसणारा माणूस. त्यांनी 'वा!' म्हटलं की गाणारा त्यांच्याकडे बघून पुन्हा तीच जागा घ्यायचा, आणि शेजारी आजी कपाळाला हात लावायची.

चर्च थंडगार होतं. बाबा स्वेटरवर कोट चढवून, आखडून, डोळे मिटून बसले. खालच्या आवाजांनी एक ओळ उचलली, मधल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली, तिच्यावर मुलींचे आवाज चढत गेले आणि सगळे मिळून एका जागी येऊन थांबले. त्या थांबण्यावर बाबांचा हात वर गेला.

"वा! क्या बात है!" अगदी खणखणीत.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण पुढच्या बाई वळल्या. मग आणखी चार-दोन माना वळल्या. इथे नुसतं बघतात. समोर उभी असलेली माझी लेक लालबुंद होऊन हातातल्या कागदांआड गेली. बाबांचा हात खाली आला. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

मला असा संताप आला! एवढं सुंदर ऐकायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही कसली रीत? पुढे पुन्हा तशी थांबण्याची जागा आली, तेव्हा खरं तर गाण्याकडे माझं लक्षही नव्हतं. मी मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता हसतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "अगं, गप्प बस. इथे असं करायचं नसतं."