माझ्या बहिणीच्या राजाची उडी

माझी मोठी बहीण संगणकाविरुद्धचा बुद्धिबळाचा डाव नियम मोडून हरली, असं पांढुर्ण्यात आजही सांगतात. ते खोटं आहे. ते मीच माईकवरून पसरवलं, म्हणून खरंही मीच सांगणार. म्हाताऱ्यानं आता कशाला उकरावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचू नये.

बहिणीला आम्ही बाई म्हणतो. मोहगावच्या घरी वडिलांनी दोघांनाही बुद्धिबळ शिकवलं. मी शिकलो, तिला आलं. पुढं ती सौसरला नांदायला गेली. शनिवारी जामसांवलीला देवदर्शनाला आलेल्या भल्याभल्यांना तिनं तिथल्या ओट्यावर मात दिली, आणि जमेल तेव्हा प्याद्यानं, कारण आमच्यात तीच मात मानाची. तिला हरवणारा माणूस मी पाहिला नाही.

आमचे नियम जुने. राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पांढुर्ण्याच्या बुद्धिबळ मंडळाचा अध्यक्ष झालो. बाईला यंत्राशी खेळवायची कल्पना माझी. तिनं मला आधीच विचारलं होतं, "बापू, त्या मशीनले आपले नियम येते का?"

"त्याले सगळं येते, बाई."

येत नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाटलं, उडीची वेळ यायच्या आधीच यंत्र तिला गुंडाळेल.

सभागृह भरलं. लॅपटॉप माझ्यापुढं, पडदा भिंतीवर. बाई पटावर चाल करायची, मी ती यंत्राला सांगायचो. थोड्या वेळानं यंत्रानं राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले.

"हे काय? एका चालीत दोन मोहरे?"

"त्यांच्यात चालते, बाई."

"चालू दे मंग."

डाव लांबला. तिचा राजा कोंडीत आला, पण शह अजून बसला नव्हता. बाईनं तो उचलला आणि अडीच घरांवर ठेवला. लॅपटॉपनं चाल घेतली नाही. निवेदन करणारा पोरगेला गडी माईकवर ओरडला, "अरे दादी, राजा ऐसे नहीं कूदता!" सभागृह हसलं. बाईनं माझ्याकडं पाहिलं. आमचे नियम असे आहेत, एवढंच मी सांगायला हवं होतं. पण मी माईक घेतला आणि म्हणालो, "वयामुळं होते असं. सांभाळून घ्या."

ती मोहऱ्यांना हात न लावता उठली.

हे बोलणं तिच्या आधी सौसरला पोचलं. भावजी वारल्यापासून संत्र्याच्या बगीच्याचा सौदा तीच करायची. बाजेवर बसलेल्या व्यापाऱ्याला घाम फोडायची. त्या बहाराला सौद्याच्या वेळी भाचा म्हणाला, "आई, तू आराम कर." सून तिच्या मागून गॅसचं बटण तपासू लागली.

यंदा सौद्याच्या आधी मी सौसरला गेलो आणि भाच्याला सगळं सांगितलं. बाई आतून म्हणाली, "इथं कायले बोलून राहिला? जिथं बोलला होता, तिथं बोल."

मंडळाची नवी मंडळी म्हणाली, "सर, जाऊ द्या ना आता." मी म्हटलं, सभागृह देत नसाल तर चौकात बोलतो. त्यांनी दिलं.

बाईला घेऊन भाचा आला, निवेदक तोच होता. माईक हातात घेऊन मी सगळं सांगितलं. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. "हसा," मी म्हटलं, "पण या वेळी माझ्यावर हसा." मग जुना डाव आठवणीनं पुन्हा मांडायला घेतला, यंत्राला हवी तशी मांडणी देता येते, हे मी शिकून आलो होतो.

"ते प्यादं एक घर मागं," बाई म्हणाली. "अन् घोडा पांढऱ्यावर नाही, काळ्यावर होता."

कुणीतरी मोबाईलवरचं जुनं चित्रण काढून पाहिलं. तिचं बरोबर होतं. चुकलो होतो मी.

राजा मी उडीच्या घरात ठेवला आणि डाव पुढं सुरू झाला. बाईनं यंत्राचा एक हत्ती घेतला, तेव्हा टाळ्या पडल्या. तिनं मान वर केली नाही. बराच वेळ झुंजली. शेवटी पटाकडं बघत तिनंच राजा आडवा केला.

"मात हाय," ती म्हणाली आणि निवेदकाकडं वळली. "आता म्हण का बाई हरली. मशीन तगडी हाय. पण चोर मी नाही, अन् येडी तं नाहीच."

तो तसं म्हणाला, शब्दन्‌शब्द. मग फरक काय पडला, हरलीच ना, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगतो, हरली. माझ्या बहिणीला यंत्रानं हरवलं, आणि यंत्राला त्यासाठी घाम गाळावा लागला असता, जर त्याला घाम येत असता तर.

परतताना गाडी भाचाच चालवत होता. सौसर जवळ आलं तसा म्हणाला, "आई, उद्या व्यापारी येऊन राहिला. काय सांगू त्याले?"

"तू काही नको सांगू," बाई म्हणाली. "चहा ठेव."