दुपट्ट्यासोबत आलेली मुखत्यारी

दिलीप माझ्यासमोर बसला होता आणि त्याच्या शेजारी नामदेव. दोघे तलमडुगु गावचे, बांधाला बांध लागलेले. त्यांना अदलाबदलीचा दस्त करायचा होता. नामदेवची आतली काळी जमीन दिलीपकडे, रस्त्यालगतचं शेत नामदेवकडे. नामदेवला तिथे दुकान टाकायचं होतं.

अडचण एवढीच की रस्त्यालगतचं शेत दिलीपचं नव्हतं. जमिनीचं पासबुक त्याच्या आत्याच्या नावावर होतं. ती बेल्लमपल्लीला, नवऱ्याला खाणीकडून मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहायची.

"मुख्तारनामा आहे ना मॅडम," म्हणत त्याने पिशवीतून जुना स्टँपपेपर काढला.

मुख्तारनामा म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. माझ्या वतीने व्यवहार कर, सही कर, असा अधिकार एकाने दुसऱ्याला द्यायचा कागद. जिल्ह्याचे तुकडे झाले, नव्या पासबुकांची कामं निघाली, तेव्हा असे कागद घरोघरच्या पेट्यांतून बाहेर आले. माझ्या वकिलीतलं बरंचसं काम तेच. जुना कागद वाचायचा आणि तो अजून चालतो का ते सांगायचं.

या कागदात अधिकार देणारी आत्या होती आणि तो घेणारा मुखत्यार म्हणून दिलीपच्या वडिलांचं नाव होतं.

"वडील कुठे आहेत?"

"वारले ना. लय वर्सं झाली."

"मग तुम्ही कोण?"

"मुखत्यार."

"कधीपासून?"

"तेरवीपासून. दुपट्टा मलेच बांधला."

नामदेवने मान हलवली. "सारे सोयरे होते मॅडम. म्या सोता पाह्यलं."

आमच्याकडे बाप गेला की तेरवीला सोयरे मोठ्या मुलाला दुपट्टा बांधतात आणि घराचा कारभार त्याचा होतो. पटेलकी, पटवारकी पिढ्यान्पिढ्या अशीच बापाकडून मुलाकडे गेली. त्यामुळे दोघे वेडगळ काही बोलत नव्हते. फक्त चुकीचं बोलत होते. मुखत्यारी वारशाने मिळत नाही. देणारा किंवा घेणारा, कुणीही एक गेला की ती संपते. तरी दिलीप इतकी वर्षं आत्याच्या वतीने सह्या करत होता. शेत नीट करत होता, म्हणून कुणी हटकलं नाही.

"आत्याला विचारलं?"

"तिले काय विचारायचं? तिचं चांगलंच करून राह्यलो. रस्त्याकडची बरड देऊन काळी भेटते."

मी फोन लावायला लावला, स्पीकरवर. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"काऊन बे दिलप्या, ह्यायची रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडा लागते. त्या वावरात दोन खोल्या बांधू म्हणून आमी बसलो, आन तू ते देऊन राह्यला?"

"तू सांगतलं कुठं?"

"माह्या वावराचं मी तुले सांगू?"

नामदेव अस्वस्थ झाला. "मॅडम, म्या तिथं इटा टाकल्या."

"उचला."

"पंचांसमोर बोलणं झालं."

"रजिस्ट्रारसमोर पंच चालत नाहीत. मालकीण चालते."

नामदेव विटा उचलायला गेला. दिलीप बसून राहिला.

"म्हंजे मी आता कोनीच नाही?"

"कागदावर नाही."

पुढच्या आठवड्यात आत्या बसने आली. बांध फिरून आली, मग माझ्या ऑफिसात. नवा मुख्तारनामा कुणाच्या नावे, असं मी विचारलं.

"दिलप्याच्याच. दुसरं कोन राबते?"

सही मात्र तिला बेल्लमपल्लीलाच करावी लागणार होती. अधिकार देणारा जिथे राहतो, तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर हा कागद करायचा असतो. ते ऑफिस आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. आत्या जागची हलली नव्हती, जिल्हा हलला होता.

मी मसुदा वाचून दाखवला. विक्री नाही, अदलाबदल नाही, गहाण नाही. रस्त्याकडच्या तुकड्याला हात नाही.

दिलीपने शेवटपर्यंत ऐकलं. "मंग मी करू तरी काय?"

"पेर," आत्या म्हणाली.

तो कागद अजून चालू आहे. आत्याच्या दोन खोल्या झाल्या आणि दिलीप उरलेलं वावर पेरतो. जुना मुख्तारनामा हाती आला, तर अटी नंतर वाचा. आधी त्यातली माणसं जिवंत आहेत का ते बघा. असतील तर मालकाला एक फोन करा. वकिलाकडे त्यानंतर आलात तरी चालतं.