खाणीतल्या मडक्यातलं बाळ

मंडळी, आज दुपारी आईला घेऊन मनोरहून पालघरला येत होतो. वाटेत एक बंद पडलेली दगडाची खाण दिसली, तशी ती म्हणाली, "गाडी थांबव."

साठच्या दशकात, नवीन लग्न झालेलं असताना, आई-बाबा याच खाणीवर कामाला होते. तिने सांगितलं, एकदा वरची माती काढताना बाबांच्या पहारीखाली पुरलेलं मोठं मडकं निघालं. आत तान्ह्या बाळाची हाडं होती. अशी पुरलेली मडकी हजारो वर्षांपूर्वीची असू शकतात, हे मी मागे वाचलं होतं.

मुकादम म्हणाला, "टाका ढिगाऱ्यात." आईने ती हाडं पदरात घेतली आणि पलीकडे शेताच्या बांधाला परत पुरली.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कसली भीती? माजी पोर जाऊन महिनाच झालता."

मला मोठी बहीण होती, हे आज पहिल्यांदा कळलं. मी तिचं नाव विचारलं.

"नाव ठेवायच्या आदीच गेली. तुज्या बापाशीपन त्यावर कदी बोलले नाय मी."

आता धाकट्या बहिणीला फोन करायचा आहे. आपण घरातली एकुलती मुलगी, असंच ती आजवर समजत आली आहे. तुम्ही असता तर तिला कसं सांगितलं असतं?